घरी चांगली कॉफी करायचीय? मशिन सगळ्यात शेवटी घ्या

कुणी घरी चांगली कॉफी करायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला, मशिन कुठलं घेऊ? बजेट विचारलं तर पंधरा-वीस हजार तयार असतात, पण त्यात ग्राइंडरचे पैसे धरलेले नसतात, वजनकाट्याचे नसतात, आणि कॉफी म्हणाल तर मॉलमधलं एखादं पाकीट, जे कधी भाजलंय ते त्याच्यावर लिहिलेलंसुद्धा नाही. मग दोन-तीन महिन्यांत ते मशिन ओट्यावरून माळ्यावर जातं. म्हणून मी उलट्या क्रमाने सांगते. आधी कॉफी, मग दळणं, मग वजन आणि पाणी, मग भांडं, आणि मशिन अगदी शेवटी, तेही ज्याला खरंच हवंय त्याच्यासाठी.

त्याआधी एक ठरवा, दूध घालून पिणार की काळी? पुढचं सगळं ह्यावर अवलंबून आहे. दूध-साखरेत चव टिकायला कॉफी दाट लागते, म्हणजे साऊथ इंडियन फिल्टर नाहीतर मोका पॉट (गॅसवर ठेवायचं इटालियन भांडं). काळी प्यायची असेल तर तीच दाट कॉफी जिभेला कडूजार लागेल, तिथं फ्रेंच प्रेस (जाळी लावलेला दांडा असलेलं उभं भांडं) किंवा पोअर ओव्हर (वरून पाणी ओतून कागदातून गाळायची पद्धत) बरं. घरात दोन्ही प्रकारची माणसं असतील (असतातच) तर फिल्टर आणि फ्रेंच प्रेस दोन्ही घ्या, दोन्ही मिळूनही मशिनच्या पावपट पैसे जात नाहीत.

पाकिटावर काय बघायचं

सगळ्यात आधी भाजल्याची तारीख. एक्सपायरी डेट नाही, रोस्टिंगची तारीख. भाजल्यानंतर कॉफीतून गॅस बाहेर पडत राहतो, म्हणून अगदी काल-परवा भाजलेली लगेच वापरण्यात मजा नाही, आठवडाभर थांबा, आणि तिथून पुढे महिना-दीड महिना तिचा चांगला काळ. त्यानंतर खराब होते असं नाही, पण वास उडून जातो आणि राहतो तो नुसता कडूपणा. दळलेली असेल तर हे सगळं काही दिवसांतच होतं. पाकिटावर तारीखच नसेल तर मी ते सरळ परत ठेवते.

दुसरं, अरेबिका की रोबस्टा, ह्या कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिका सौम्य, थोडी आंबूस-गोडसर, रोबस्टा दाट, कडक, आणि तिच्यात कॅफिन साधारण दुप्पट. रोबस्टाला उगाच नावं ठेवतात लोक, दुधाच्या कॉफीत थोडी रोबस्टा असली की चवीला एक भरीवपणा येतो. कापी रोयाल नावाची जी उत्तम प्रतीची भारतीय रोबस्टा असते ती तर मुद्दाम घेऊन बघण्यासारखी आहे. ‘प्लँटेशन’ लिहिलेलं दिसलं तर ती फळाचा गर काढून धुतलेली अरेबिका, ‘चेरी’ म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली, ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल बी तयार झालेली. मॉन्सून्ड मलबार नावाची एक गंमत आहे, मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुद्दाम दमट होऊ दिलेली कॉफी, ती फुगते, पिवळट पडते आणि तिचा आंबटपणा जवळजवळ जातो. ज्यांना आंबूस कॉफी सहनच होत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी.

आणि हो, देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, चिक्कमगळुरू, कोडगू, हासन ह्या पट्ट्यात. म्हणजे आपल्या अगदी शेजारी. इटलीतून आलेलं महाग पाकीट इथं पोचेपर्यंत किती महिने झालेत देव जाणे, त्यापेक्षा त्याच पैशात चिक्कमगळुरूची ताजी भाजलेली दुप्पट येईल. आंध्रातली अराकूची पण छान असते. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडं आहेत. फक्त कूर्गला फिरायला गेलात की रस्त्यावरच्या दुकानातून दोन-दोन किलो पावडर आणू नका. एवढी संपत नाही आणि शेवटची किलोभर तुम्ही पाहुण्यांना पाजता.

चिकोरीबद्दल. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, तिच्यात कॅफिन नसतं, रंग आणि दाटपणा भरपूर. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी असा नियम आहे, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते, आणि किती आहे ते पाकिटावर छापलेलं असतं, वाचत कुणी नाही. दुधाच्या फिल्टर कॉफीला १०-२० टक्के चिकोरी मला आवडते, ३० च्या पुढे कॉफी राहत नाही, काढा होतो. काळ्या कॉफीला अजिबात नको. मुंबईकरांना सोपं आहे, माटुंग्याला कॉफीची जुनी दुकानं आहेत, चिकोरी किती हवी ते सांगायचं, ते समोर दळून देतात.

ठेवायची कशी? हवाबंद डब्यात, गॅसपासून लांब, अंधाऱ्या कपाटात. फ्रीजमध्ये नको, सारखं आत-बाहेर करताना पाणी धरतं आणि कालच्या भाजीचा वासही घेते ती. पावसाळ्यात मुंबईत नि कोकणात तर पावडरीचे खडे होतात, तेव्हा जून ते सप्टेंबर शंभर-शंभर ग्रॅमच आणा.

पैसे घालायचे ते ग्राइंडरमध्ये

हे पटायला वेळ लागतो, पण कपातला सगळ्यात मोठा फरक ग्राइंडरने पडतो. कारण साधं आहे. पूड एकसारखी नसेल तर बारीक कणांतून पाणी सगळं ओढून घेतं, कडूपणासकट, आणि जाड कणांतून काहीच उतरत नाही, ते आंबट राहतात. मग एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही. पात्याचा ग्राइंडर कॉफी तोडतो, दळत नाही. जात्यासारख्या दोन दातेरी चकत्यांमध्ये बी चिरडणारा जो असतो त्याला बर ग्राइंडर म्हणतात, तोच घ्यायचा. हाताने फिरवायचे साधे दोन-अडीच हजारांपासून मिळतात, पाच-सहा हजारांच्या आसपास स्टीलचे बर असलेले चांगले येतात, आणि दोन कपांची कॉफी दळायला मिनिट-दीड मिनिट लागतं. त्याच किमतीच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा हाताचा जवळजवळ नेहमीच सरस निघतो.

आत्ता एवढा खर्च नको असेल तर मिक्सर चालतो, पण पद्धतीने. चटणीचं छोटं भांडं घ्या, त्यात आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, नाहीतर कॉफीला धने-जिऱ्याचा वास येणारच. मग बिया घालून एका वेळी दोन सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं हलवायचं, परत दोन सेकंद. सलग फिरवलं की पूड गरम होते आणि तळाशी पीठ साचतं. शेवटी बारीक चाळणीतून हलकेच चाळा, खाली जे पीठ पडेल ते फिल्टरच्या कॉफीत मिसळा नाहीतर कुंडीत टाका, वरचं फ्रेंच प्रेसला एकदम योग्य. (बर ग्राइंडरमध्ये मात्र तांदूळ घालू नका, कडक दाण्याने बर खराब होऊ शकतात.)

किती जाड-बारीक ते असं लक्षात ठेवा, फ्रेंच प्रेस आणि कोल्ड ब्रूला (गार पाण्यात भिजत ठेवून केलेली कॉफी) जाडा रवा, पोअर ओव्हरला बारीक रव्यापेक्षा किंचित जाड, साऊथ इंडियन फिल्टरला बारीक रवा, मोका पॉटला त्याहून थोडं बारीक, एस्प्रेसोला (मशिनमधून दाबाने काढलेली दाट कॉफी) जवळजवळ पीठ पण बोटांत चोळलं तर कण लागला पाहिजे. दळायचा व्यापच नको असेल तर ताजी भाजून विकणारे बहुतेक जण तुम्हाला भांडं कुठलं ते विचारून तसं दळून पाठवतात, शंभर-दीडशे ग्रॅम मागवा आणि लवकर संपवा.

वजनकाटा आणि पाणी

चमच्याचं माप कॉफीला लागू पडत नाही, काळपट भाजलेली कॉफी फुगलेली आणि हलकी असते, त्यामुळे त्याच चमच्यात कमी बसते. शे-पाचशे रुपयांत ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा मिळतो, तो घ्याच. काळ्या कॉफीला सुरुवातीचं प्रमाण १५ ग्रॅम कॉफीला २४० मिली पाणी, म्हणजे १ ला १६. मिलीलिटर मोजायची वेगळी गरज नाही, भांडं काट्यावर ठेवून पाणीही ग्रॅममध्येच मोजा.

पाण्याकडे कुणी बघत नाही आणि कपात ९८ टक्के तेच असतं. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात कॉफी मुकी होते, चव चपटी, कितीही महागाची घाला. पण आरओच्या पाण्याने प्रश्न सुटतो असं नाही, त्यात क्षार इतके कमी असतात की कॉफी पोकळ लागते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, १०० ते १५० च्या आसपास असलं की छान. आरओ आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं करून बघा, एका दिवसात फरक कळतो. पुण्याचं धरणाचं पाणी थेट नळाला येत असेल तर गाळून उकळून तेच वापरा, काही करायची गरज नाही.

तापमान ९० ते ९६ अंश लागतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि लोक थर्मामीटर शोधत बसतात. गरज नाही. उकळी आली की गॅस बंद, अर्धा मिनिट थांबा, ओता. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ लाच उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच, तिथं थांबायचंही कारण नाही. हलकी भाजलेली कॉफी असेल तर उकळतं पाणी, एकदम काळी असेल तर मिनिटभर निवलेलं.

साऊथ इंडियन फिल्टर: दूधवाल्यांसाठी

माझ्या मते मराठी घरात पहिलं हेच भांडं यावं. स्टीलचं किंवा पितळेचं, वरचं छिद्रांचं भांडं, खालचं डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) साठवायचं, मध्ये दांडीवाली चकती आणि झाकण. कागद नको, वीज नको, आणि बिघडायला त्यात काही नाही. घेताना वरचं भांडं उजेडात धरून छिद्रं बघा, बारीक आणि सारखी हवीत, मोठी असली की पावडर खाली येते. आणि साइज मोठा घेऊ नका, मोठ्या फिल्टरमध्ये दोनच कपांची पावडर घातली तर थर पातळ होतो आणि पाणी धो-धो खाली जातं. दोन माणसांना दोन कपांचाच.

दोघांसाठी २० ग्रॅम पावडर, १२० मिली पाणी. कोरड्या भांड्यात पावडर घाला, भांडं बाजूने दोनदा ठोकून पातळी सारखी करा, चकती नुसती ठेवा, दाबायची नाही, फार तर तिच्या वजनाने बसू द्या. आधी ३०-४० मिली पाणी गोल फिरवत घाला आणि अर्धा मिनिट थांबा, पावडर फुगते आणि वास सुटतो, मग उरलेलं पाणी सावकाश. झाकण लावा आणि अंघोळीला जा. १५-२० मिनिटांत उतरतं, खाली साधारण ८० मिली मिळेल, कारण पावडर आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी स्वतःकडे ठेवून घेते.

पाच मिनिटांतच सगळं खाली आलं तर पावडर जाड आहे नाहीतर कमी आहे. अर्धा तास झाला तरी थेंब पडत नाही, तर वरचं भांडं किंचित उचलून परत ठेवा, कधीकधी खाली हवा अडकलेली असते. तरीही नाहीच, तर पावडर फार बारीक किंवा चकती दाबली गेली. आणि हे दर वेळी व्हायला लागलं तर छिद्रं बुजलीत, स्टीलचं वरचं भांडं रिकामं करून चिमट्याने गॅसच्या ज्योतीवर धरा, अडकलेली पूड जळून जाते, मग घासून घ्या.

डिकॉक्शन कधी उकळू नका. दूध वेगळं कडकडीत तापवा, कपात ४० मिली डिकॉक्शन, साखर, वरून १०० ते १२० मिली दूध, आणि डबरा-टंबलर असेल तर दोन-तीनदा वरून खाली ओतून फेस आणा. म्हशीचं सायीचं दूध कॉफीला दाबून टाकतं, गायीचं किंवा टोन्ड बरं, पण हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता आपली जायफळाची कॉफी. लग्नाघरी पातेल्यात दूध, साखर, कॉफी, जायफळ सगळं एकत्र उकळतात ती. तिला हसायचं कारण नाही, फक्त उकळायचा क्रम बदला. दूध-साखर उकळून गॅस बंद करा, त्यात जायफळ दोन-तीन वेळा किसणीवर फिरवून घाला किंवा सहाणेवर दोन वळसे उगाळून, दोन मिनिटं झाका, मग डिकॉक्शन. कॉफीचा वास जिवंत राहतो आणि जायफळही लागतं. जायफळाने झोप येते म्हणतात आणि कॉफीने जाते, तेव्हा हिशोब बरोबर.

फ्रेंच प्रेस: काळी कॉफी, कमी कष्ट

५०० मिलीच्या प्रेसला ३० ग्रॅम जाड दळलेली कॉफी. पाणी एका दमात घाला, चार मिनिटं हात लावू नका. मग वर जी साय धरलेली असते ती चमच्याने फोडा, हलवा, बराचसा गाळ आपोआप खाली बसतो. वरचा फेस चमच्याने काढून टाका आणि, इथे बहुतेकांना धीर धरवत नाही, अजून चार-पाच मिनिटं थांबा. दांडा तळापर्यंत दाबायचा नाही, जाळी पाण्याच्या वरच्या पातळीला टेकवायची आणि हळू ओतायचं. दाबलं की बसलेला गाळ परत उठतो आणि कपात खरखर येते. काचेचा प्रेस भांडी घासताना फुटतो, स्टीलचा घ्या.

पोअर ओव्हर

व्ही-सिक्स्टी म्हणून जो उलट्या शंकूसारखा ड्रिपर असतो, प्लास्टिकचा घ्या, स्वस्त आहे आणि उष्णता कमी खातो. कागद बसवून आधी गरम पाण्याने धुवा, ते पाणी फेका. १५ ग्रॅम कॉफी, ४५ मिली पाणी घालून ४० सेकंद थांबा, ताजी असेल तर बुडबुडे येऊन फुगेल, नाही फुगली तर जुनी आहे हे समजा. मग दोन-तीन टप्प्यांत २४० पर्यंत, गोल गोल, कडेच्या कागदावर नाही. एकूण अडीच ते तीन मिनिटं. लांब चोचीची किटली असली तर सोपं जातं, पण त्यासाठी थांबू नका, चहाची छोटी किटली बारीक धारेने ओतता येत असेल तर पुरे. हलकी भाजलेली चांगली अरेबिका असेल तरच ह्या भानगडीत पडा, चिकोरी मिश्रण ह्यात घालू नका.

मोका पॉट

१९३३ पासूनची इटालियन युक्ती, खालच्या पाण्याची वाफ पाणी वर ढकलते. खाली व्हॉल्वच्या जरा खालपर्यंत गरम पाणीच भरा, गार भरलं तर तापेपर्यंत पावडर जळते. गाळणी काठोकाठ, पण दाबायची नाही. मंद आच, झाकण उघडं. कॉफी मधासारखी येऊ लागते, रंग फिका पडून गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा आणि बूड नळाखाली धरा. दुधाला झकास. घेताना दोन गोष्टी, ‘तीन कप’ म्हणजे पन्नास-पन्नास मिलीचे तीन, आपले मग नव्हेत, आणि ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही. गॅसच्या जाळीवर छोटा पॉट डगमगतो, वर ठेवायची बारीक जाळी मिळते ती आधीच आणा.

एरोप्रेस, म्हणजे हाताने दाबून कॉफी काढायची प्लास्टिकची नळी, प्रवासाला आणि एकट्याला उत्तम, फुटत नाही. कोल्ड ब्रूला काहीच लागत नाही, १०० ग्रॅम जाड कॉफी, ८०० मिली पाणी, बरणीत घालून फ्रीजमध्ये १२ ते १६ तास, मलमलच्या फडक्यातून गाळा, मे महिना सुसह्य होतो.

चव बिघडली तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. आंबट आणि पातळ लागतेय, तर बारीक दळा किंवा पाणी जास्त गरम घ्या. कडू, घसा कोरडा करणारी लागतेय, तर जाड दळा. चव बरोबर आहे पण फिकी आहे, तर दळणं तसंच ठेवून कॉफी दोन ग्रॅम वाढवा. लोक कडू लागली की कॉफी कमी करतात, त्याने पातळ आणि कडू होते.

आणि आता मशिन

एवढं सगळं करूनही कॅफेसारखा एस्प्रेसो, कॅपुचिनो हवाच असेल तर जरूर घ्या. फक्त खोक्यावरच्या १५ बारला भुलू नका, तो पंपाचा कमाल दाब असतो, एस्प्रेसोला ९ बारच्या आसपास लागतो. चार-पाच हजारांची जी वाफेवर चालणारी मशिनं असतात ती एवढा दाब देतच नाहीत, त्यातून येते ती मोका पॉटचीच कॉफी. पंपाचं मशिन घ्या, साधी एका थराची बास्केट (पूड भरायची गाळणी) मिळते का विचारा, आणि मशिनएवढेच पैसे ग्राइंडरसाठी बाजूला ठेवा, साध्या बास्केटमध्ये जाड-बारीक जरा चुकलं तरी सगळं बिघडतं. मोजमाप, १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम एस्प्रेसो, २५ ते ३० सेकंदांत. पंधरा सेकंदांत आली तर बारीक दळा, पन्नास लागले तर जाड.

साफसफाई रोजची. कॉफीत तेल असतं, ते जाळीत राहिलं की खवट होतं आणि उद्याची चांगली कॉफीसुद्धा खवट लागते. फ्रेंच प्रेसची जाळी आठवड्यातून एकदा पूर्ण सुटी करून साबणाने धुवा. ॲल्युमिनियमचा मोका पॉट नुसत्या गरम पाण्याने, डिशवॉशरमध्ये घातलात तर काळा पडेल. ग्राइंडर कोरड्या ब्रशने, पाणी अजिबात नाही. किटलीत पांढरे क्षार जमले की चमचाभर लिंबूफूल घालून पाणी उकळा, अर्धा तास ठेवा, दोनदा खळबळून टाका, जड पाण्याच्या गावात हे दर महिन्याला.